सतार ओलांडायची नसते

मुलांनो, १९६५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनमधल्या एका स्टुडिओत सतारीची तार तुटली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आपल्या मिरजेत तार तुटली असती तर एखादं शेंबडं पोरगंसुद्धा पळत जाऊन दुसरी घेऊन आलं असतं. पण लंडनमध्ये, तेही साठ वर्षांपूर्वी, सतारीची तार आणायची कुठून? स्टुडिओतली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. शेवटी आठवण झाली ती 'एशियन म्युझिक सर्कल' नावाच्या संस्थेची. अंगडी नावाचे एक भारतीय गृहस्थ आणि त्यांच्या इंग्रज पत्नी ती चालवत. फोन गेला. अंगडींच्या घरी तार होती! ती घेऊन अख्खं कुटुंब स्टुडिओत हजर झालं आणि गाणं पुढे सरकलं.

सतार वाजवणारा होता २२ वर्षांचा एक इंग्रज मुलगा, जॉर्ज हॅरिसन. लिव्हरपूल या बंदराच्या गावचा. वडील बस कंडक्टर होते, घरात चार भावंडं, त्यातलं हे शेंडेफळ. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, रिंगो स्टार आणि हा जॉर्ज, या चौघांचा रॉक बँड म्हणजेच 'बीटल्स'. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली आणि तीनच वर्षांत त्यांनी सगळ्या जगाला वेड लावलं. कार्यक्रमात पोरी इतक्या किंचाळायच्या, की या चौघांना आपलं स्वतःचं गाणंसुद्धा ऐकू यायचं नाही. गिटार तीन, ड्रम एक, आणि त्यावर जोरकस गाणं, एवढ्यावर त्यांचं मस्त चाललं होतं. मग ही सतार मधेच कुठून आली?

नेमका हाच प्रश्न मी आठ वर्षांची असताना माझ्या मामाला विचारला होता.

माझा मामा पोस्टात नोकरीला होता. त्याच्याकडे बुटांच्या खोक्यात कॅसेटी असायच्या. भीमसेनजींचे अभंग, नाट्यगीतं, शाहिरांचे पोवाडे, आणि एक इंग्रजी कॅसेट. तिच्यावरचं नाव मला वाचता यायचं नाही. सुट्टीत आजोळी गेलं की दुपारी सगळे झोपल्यावर मामा आवाज बारीक करून ती लावायचा. एकदा मधेच सतार वाजली आणि मी ताडकन उठून बसले. "मामा, इंग्रजी गाण्यात आपली सतार कशी?" मामा हसला. म्हणाला, "चोर नाहीत गं ते. पाहुणे म्हणून येतात आणि पाहुण्यांना घरी घेऊन जातात. अजून चार गाणी ऐक, मग सांगतो." इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गाण्यागणिक वाद्यं बदलत होती हे मात्र कळलं. एकात नुसतीच व्हायोलिनं. एकात कसलंसं लखलखीत तुतारीसारखं वाद्य. हे सगळं एकाच बँडचं आहे यावर माझा विश्वासच बसेना!

पुढे डी. एड. झाल्यावर, शाळेत शिकवायला लागल्यावर, मी या गोष्टी शोधून शोधून वाचल्या. त्यातल्या काही माझ्या वर्गाला तोंडपाठ आहेत. तुम्हालाही सांगते.

बीटल्सपैकी एकालाही स्वरलिपी वाचता येत नव्हती, बरं का. पाश्चात्त्य वाद्यवृंदातले वादक तर समोर कागद ठेवूनच वाजवतात. मग त्यांना सांगायचं कसं? इथे कामाला आले त्यांचे निर्माते, जॉर्ज मार्टिन. ते संगीताच्या शाळेत रीतसर शिकलेले होते. पॉल धून गुणगुणायचा आणि मार्टिन ती कागदावर उतरवायचे. १९६५ साली पॉलच्या 'यस्टरडे' या गाण्याला चार तंतुवाद्यांची साथ घेऊ या, असं मार्टिननी सुचवलं, तेव्हा पॉल आधी नाखूश होता. त्याला वाटलं, आपण रॉकवाले, हे गुळगुळीत काय करायचं! करून बघितलं आणि त्याला इतकं आवडलं, की पुढच्याच वर्षी 'एलिनॉर रिग्बी' नावाच्या गाण्यात गिटारही नाही आणि ड्रमही नाही. चार व्हायोलिनं, दोन व्हायोला, दोन चेलो आणि गळा. बस्स. त्या रेकॉर्डिंगला माइक वाद्यांच्या अगदी जवळ नेऊन ठेवले होते. एरवी वाद्यवृंदाचे माइक लांब असतात, त्यामुळे बारीकसारीक खरखर ऐकू जात नाही. हे वादक बिचारे घाबरले आणि हळूच खुर्च्या मागे सरकवायला लागले! पण त्या जवळच्या माइकमुळेच ती व्हायोलिनं गोड न वाटता टोचतात, आणि ते एकाकी माणसांचं गाणं असल्यामुळे टोचायलाच हवी होती.

माझ्या लहानपणीची ती 'तुतारी' म्हणजे पिकोलो ट्रम्पेट. १९६७ च्या जानेवारीत पॉलने टीव्हीवर बाखच्या रचनेचा कार्यक्रम पाहिला. त्यात डेव्हिड मेसन नावाचे वादक हे छोटं, उंच आवाजाचं ट्रम्पेट वाजवत होते. झालं! काही दिवसांत मेसन स्टुडिओत. 'पेनी लेन' या गाण्यातला त्यांचा तुकडा त्याच बैठकीत गुणगुणून, लिहून, वाजवून तयार झाला. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या बाखच्या रचनेत ऐकलेलं वाद्य लिव्हरपूलच्या एका साध्या रस्त्याच्या गाण्यात येऊन बसलं.

आणि सगळ्यांत धमाल पुढच्याच महिन्यात. ४० वादकांचा वाद्यवृंद बोलावला. सगळे कोटबिट घालून आलेले गंभीर लोक. त्यांना बीटल्सनी गमतीचे मुखवटे आणि खोटी नाकं वाटली! एका ज्येष्ठ व्हायोलिनवादकांच्या हातात चक्क गोरिलाचा पंजा चढवला. मग मार्टिननी सांगितलं, की तुमच्या वाद्याच्या सगळ्यांत खालच्या सुरापासून सुरुवात करा आणि २४ आवर्तनांत वर वर चढत जा. कसं चढायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. शेजारी काय वाजवतोय तिकडे लक्ष द्यायचं नाही. जन्मभर 'शेजाऱ्याचं ऐका, एकत्र वाजवा' हेच शिकलेल्या माणसांना हे सांगणं म्हणजे आमच्या चौथीच्या वर्गाला 'ओरडा' म्हणून परवानगी देणं! फरक एवढाच, की आमचा वर्ग लगेच समजला असता, त्या वादकांना मात्र समजायला वेळ लागला.

ही सगळी गाणी मला आवडतात. पण नीट पाहिलंत तर त्यांत एक गोष्ट सारखी आहे. ज्याला येतं त्याला बोलवायचं, त्याच्याकडून वाजवून घ्यायचं. यात वाईट काही नाही. पण जॉर्ज हॅरिसनने केलं ते निराळंच होतं. म्हणून मला बाकीच्या तिघांपेक्षा तो जवळचा वाटतो.

जॉर्जला सतार पहिल्यांदा भेटली ती सिनेमाच्या शूटिंगमध्ये. १९६५ च्या एप्रिलमध्ये 'हेल्प' या बीटल्सच्या चित्रपटात एका भारतीय उपाहारगृहाचा प्रसंग होता. तिथे सामान म्हणून ठेवलेली सतार त्याने उचलून पाहिली. मग लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या दुकानातून एक स्वस्तातली सतार विकत आणली. आणि तीच घेऊन 'नॉर्वेजियन वूड' या गाण्यात वाजवली. कोणी शिकवलेलं नाही, गिटारसारखी बोटं फिरवून धून काढलेली. तार तुटली ती याच गाण्यात. गाणं गाजलं. तरुण पोरं सतारी विकत घ्यायला धावली, इतर बँडही सतार घालायला लागले.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. टाळ्या मिळाल्या होत्या, आणखी काय पाहिजे? पण जॉर्जला आपण काय वाजवलं हे ठाऊक होतं. आपले पंडित रविशंकर यांनी ते गाणं ऐकलं, तेव्हा त्यांनाही त्यातली सतार विचित्रच वाटली होती. १९६६ च्या जूनमध्ये लंडनमध्ये दोघांची भेट झाली. जॉर्ज तेव्हा २३ वर्षांचा, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चार मुलांपैकी एक. त्याने पंडितजींना विचारलं, मला शिकवाल का? आणि तो जमिनीवर बसला.

पहिल्या दिवसांतलाच एक प्रसंग जॉर्जने पुढे स्वतः सांगितला आहे. शिकवणी चालू असताना टेलिफोन वाजला. जॉर्जने सतार खाली ठेवली आणि फोन घ्यायला उठताना तो सतारीवरून पाय टाकून पलीकडे गेला. रविशंकरांनी त्याच्या पायावर चापट मारली! वाद्याचा मान ठेवायला शीक, म्हणाले.

हा प्रसंग सांगितला की माझ्या वर्गात दरवेळी एकदम शांतता होते. कारण पुस्तकाला पाय लागला तर पटकन नमस्कार करायचा, हे आपल्या अंगवळणीच पडलेलं असतं. त्या मुलाच्या घरी गिटार कोचावर, पलंगावर, जमिनीवर कुठेही पडलेली असे. तिला ओलांडू नये असं त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. तो चिडला नाही, रुसला नाही. उलट सप्टेंबर महिन्यात बायकोला घेऊन मुंबईला आला. ताजमहाल हॉटेलात वेगळं नाव लावून राहिला. ओळखू येऊ नये म्हणून मिशासुद्धा वाढवल्या होत्या! पण बातमी फुटलीच. हॉटेलखाली गर्दी, आरडाओरडा. शेवटी पंडितजी त्याला काश्मीरला घेऊन गेले. दाल सरोवरातल्या हाउसबोटीवर रोज सतारीचे धडे. मांडी घालून तासन्‌तास बसायची सवय नाही, त्यामुळे पाय आणि कंबर दुखून यायची. त्यासाठी योगासनं शिकला. सा रे ग म चे पलटे घोटले. मुंबईत पंडितजींचे शिष्य शंभू दास त्याचा रियाज करून घ्यायचे.

मग तो मोठा सतारवादक झाला का? नाही झाला. दोन-अडीच वर्षं मनापासून रियाज केल्यावर त्याच्या लक्षात आलं, की यासाठी निदान १५ वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती. १९६८ साली त्याने पुन्हा गिटार जवळ केली. पालकांनो, हे वाक्य मी खास तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण "परीक्षेत बसणार नसेल तर क्लास कशाला?" हा प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागतो. जॉर्जची पुढची गिटार ऐका. तारेवर काचेची किंवा धातूची नळी सरकवून तो एका सुरातून दुसऱ्यात असा काही घसरत जातो, की आपल्याकडच्या मींडेची आठवण यावी. सतार सुटली, पण कान बदलला तो बदललाच. आणि रविशंकरांशी जडलेलं नातं ३५ वर्षं, जॉर्ज २००१ मध्ये जाईपर्यंत, टिकलं.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात. माझी शाळा जिल्हा परिषदेची, गाव लहान. चौथीच्या मुलांना 'फ्युजन' करायचं होतं. हा शब्द त्यांनी टीव्हीवरून उचललेला. एका मुलाच्या काकांनी दिवाळीत पुण्याहून की-बोर्ड आणलेला. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीचे आजोबा गोंधळी, साऱ्या गावाचे तात्या. नवरात्रात आणि लग्नाच्या गोंधळाला दहा गावांत त्यांचा संबळ वाजतो. मुलांचा बेत तयार होता. "बाई, आम्ही गाणं म्हणू, हा की-बोर्ड वाजवेल, आणि तात्या मागे थोडंसं संबळ वाजवतील."

मी मुलांना घेऊनच तात्यांकडे गेले. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मागं म्हंजी कुठं? आन थोडंसं म्हंजी किती?"

रागाने नाही हं. शिंप्याने माप विचारावं तसं विचारलं. मुलं गप्प. तात्या पुढे म्हणाले, "ह्या पोराला आठ दिवस सांजचं इकडं धाडा बाई. आधी त्यानं ऐकू दे, मग मी वाजवतो."

झालं, मुलगा जायला लागला. पहिले दोन दिवस नुसतं ऐकणं. संबळ म्हणजे दोन नगारे जोडलेले, एक लहान, चढ्या आवाजाचा, एक मोठा, खर्जातला. कमरेला बांधून वाजवायचा. दोन काड्यांपैकी एकीचं टोक वाकडं. ती वाकडी काडी मोठ्यावर घासली की जो घुमारा निघतो तो की-बोर्डच्या कुठल्याही बटणात नाही, हे मुलाने दुसऱ्याच दिवशी मला येऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याने की-बोर्ड नेला आणि सवयीने त्यातला तयार ठेका चालू केला. तात्या म्हणाले, "त्यो पेटीतला ठेका आधी बंद कर. एका गाडीला दोन गाडीवान कशापायी?" खरी अडचण तिथेच होती. यंत्राचा ठेका घड्याळासारखा चालतो. तात्यांचा ठेका गाण्याबरोबर श्वास घेतो, देवीच्या नावाला जरा थांबतो, पुढे उचल घेतो. ठेका बंद केल्यावर मुलाला आधारच राहिला नाही. मग त्याने तात्यांच्या काडीकडे बघून वाजवायला सुरुवात केली. आठ दिवसांत तो की-बोर्डकडे कमी आणि काडीकडे जास्त बघायला लागला.

मधल्या काळात त्याच्या आई शाळेत येऊन गेल्या. "बाई, पाढे मागे पडलेत आणि हा तिकडे संबळ ऐकत बसतोय." खोटं नव्हतं त्यांचं म्हणणं. पाढे मागे पडलेच होते. मी एवढंच म्हटलं, की पाढे मी मधल्या सुट्टीत करून घेते, ते काम माझं. तात्यांकडचे आठ दिवस मात्र मला देता यायचे नाहीत, ते तात्यांकडेच मिळतात.

संमेलनाच्या दिवशी तात्या दोऱ्या ओढून, चामडं ताणून संबळ सुरात आणत होते, तर पुढे बसलेल्या पहिली-दुसरीच्या पोरांनी टाळ्या पिटल्या! मला हसू फुटलं. १९७१ च्या १ ऑगस्टला न्यूयॉर्कला बांगलादेशातल्या निर्वासितांच्या मदतीसाठी जॉर्ज आणि रविशंकर यांनी मोठा कार्यक्रम केला होता. सोबत सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा. वाद्यं लावून झाली, तर हजारो अमेरिकन लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वादन झालं असंच त्यांना वाटलं! पंडितजी मिश्किलपणे म्हणाले, की नुसतं वाद्यं लावणं एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. आमच्या तात्यांनी नुसत्या मिशा फुलवल्या.

गाणं कसं झालं? ठीक झालं. माइक एकदा किंचाळला. दुसऱ्या कडव्याला की-बोर्ड पुढे पळाला, तात्यांनी एक नजर टाकली आणि त्याला सांभाळून घेतलं. तात्या मागे नव्हते, मधोमध उभे होते. आणि त्याआधी फळ्यावर कलाकारांची नावं लिहिताना मुलांनी 'संबळ – तात्या' असं लिहिलं, तेव्हा त्यांची नात खडू हिसकावून घेत म्हणाली, "तात्या नाही, पूर्ण नाव लिहा. बाकीच्यांचं पूर्ण लिहिलंय ना?" तिने रंगीत खडूने स्वतः लिहिलं. आडनावासकट.

नावाची ही गोष्ट साधी नाही, मुलांनो. बीटल्सच्याच बाबतीत बघा.

१९६६ च्या एप्रिलमध्ये जॉर्जने 'लव्ह यू टू' हे गाणं केलं. सुरुवातीला सतारीचा आलापासारखा तुकडा, मग तबला. तबलजी अंगडींच्या ओळखीतून आलेले, नाव अनिल भागवत. (हे आडनाव वाचून माझे कान टवकारले हे वेगळं सांगायला नको!) त्यांना कोणासाठी वाजवायचंय हे ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी दारात रोल्स रॉइस गाडी उभी राहिली तेव्हा त्यांना उलगडा झाला. स्टुडिओबाहेर मुली थर्मास आणि डबे घेऊन ताटकळत उभ्या. जॉर्जने त्यांच्याबरोबर बसून वाद्यं सुरात लावून घेतली. १६ मात्रांत काही वाजवा असं सुचवलं, पण आयत्या वेळी सुचेल तसं वाजवायला मोकळीकही दिली, कारण आपल्याकडचं वादन तसंच फुलतं. आणि 'रिव्हॉल्व्हर' ही तबकडी बाजारात आली तेव्हा वेष्टनावर छापलेलं होतं, तबला – अनिल भागवत. त्या काळी बाहेरच्या वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती.

पुढच्याच वर्षी जॉर्जने त्याहून अवघड काम केलं. 'विदिन यू विदाउट यू' या गाण्यात दिलरुबा, तंबोरा, तबला आणि सतार आहे. गाणं १६ मात्रांत चालतं आणि मधला वाद्यांचा भाग १० मात्रांत, म्हणजे आपल्या झपतालात जातो. जॉर्ज मार्टिननी त्यावर आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो लिहिले. दिलरुबा एका सुरातून दुसऱ्यात घरंगळत जातो, तसंच घरंगळायला इंग्रज व्हायोलिनवाल्यांना लावलं, आणि त्यांच्या चांगलंच नाकी नऊ आले. दोन बाजू नुसत्या शेजारी न बसता एकमेकींचं काही शिकल्या, असं मला हे गाणं ऐकताना वाटतं. तबकडी जगभर लाखोंनी खपली. पण या वेळी भारतीय वादकांची नावं तिच्यावर नव्हती. दिलरुबा कोणी वाजवला, तबला कोणी? तब्बल ५० वर्षं कुणाला सांगता आलं नाही. २०१७ साली लिव्हरपूल विद्यापीठातल्या मंडळींनी शोध घेतला तेव्हा नावं समोर आली: अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा, नटवर सोनी. लंडनमध्ये राहून आपापले उद्योग सांभाळत संगीत जपणारी ही माणसं. मी ही चार नावं फळ्यावर लिहिली तेव्हा ती नात म्हणाली, "बाई, पन्नास वर्षं कुणी विचारलंच नाही?" मी मान हलवली. दुसरं काय करणार?

आता शेवटची गोष्ट, आणि ही आपल्या मुंबईची. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज पुन्हा मुंबईत आला. फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रस्त्यावर एच.एम.व्ही. कंपनीचा स्टुडिओ होता. तिथे त्याने एका चित्रपटाचं संगीत आणि 'द इनर लाइट' या गाण्याची वाद्यसंगत ध्वनिमुद्रित केली. दोन पट्ट्यांवर आवाज घेणारं यंत्र मुंबईत नव्हतं, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते कोलकात्याहून रेल्वेने आणवलं. सरोद, शहनाई, बासरी, पखवाज, हार्मोनियम अशी सगळी आपली वाद्यं. त्या दिवसांतल्या कामांत आशिष खाँ, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे तरुण कलाकार होते. गाण्यात गिटार नाही, ड्रम नाही. इंग्रजी शब्द नंतर लंडनला गाऊन त्यावर चढवले. आणि मार्चमध्ये ते बीटल्सच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर आलं.

गंमत म्हणजे फोर्टमधल्या त्या स्टुडिओच्या भिंतींतून रस्त्याचा आवाज आत यायचा. जॉर्जनेच सांगून ठेवलंय, की त्या मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये कान देऊन ऐकलं तर मागून जाणाऱ्या टॅक्स्या ऐकू येतात.

हे सांगितल्यापासून माझा वर्ग मधल्या सुट्टीत माझ्या फोनला चिकटून बसतो. सरोद, शहनाई सगळं ऐकून झालं. पखवाज कुठे सुरू होतो ते आता पाठ आहे. टॅक्सी मात्र अजून पक्की सापडलेली नाही. की-बोर्डवाला मुलगा म्हणतो एके ठिकाणी हॉर्न आहे, तात्यांची नात म्हणते ती शहनाईच आहे. परवा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मीही तीनदा ऐकलं. मला तर ती शहनाईच वाटते.